थप्पीतलं वय

मनमाडमध्ये कुणाच्याही घरात शिरलात की आधी पिंपं दिसतात. निळी, काळी, झाकणावर वीट ठेवलेली. नळाला पाणी पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात वीस दिवसांनीही येतं, त्यामुळे साठवण हा इथल्या संसाराचा पहिला धडा. माझ्या बहिणीकडे पिंपांच्या पलीकडे, कोरड्या भिंतीला टेकून आणखी एक साठा उभा आहे. तो भाचीच्या पुस्तकांचा. ती नववीत आहे. मागच्या मे महिन्यात ही थप्पी तिच्या गुडघ्याला होती, दिवाळीनंतर कमरेला आली. "मामा, ही संपणार कधी?" तिनं विचारलं. मी लगेच उपदेश सुरू केला नाही, याचं श्रेय मला मिळायला हवं. मी खाली बसलो आणि पुस्तकं मोजली.

सत्तावीस निघाली. त्यांतली नऊ बक्षिसाची नि वाढदिवसाची: थोरांची चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकास, आणि 'अग्निपंख' दोनदा. पाच सामान्यज्ञानाची, तिच्या वडिलांनी "आतापासून सवय असलेली बरी" म्हणून आणलेली. सहा इंग्रजी, पुण्याच्या मावसबहिणीनं वाचून झाल्यावर पाठवलेली. मग 'मृत्युंजय' आणि 'छावा'. उरली पाच. ती तिनं स्वतः निवडली होती, आणि त्या पाचांतली चार वाचून झाली होती. म्हणजे थप्पी कमरेपर्यंत आली ती पोरगी वाचत नाही म्हणून नव्हे. थप्पीत तिच्या वयाचं फार थोडं होतं.

ही तक्रार एका घरापुरती असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण बारा ते सतरा या वयासाठी मराठीत गोष्टी किती आहेत, त्या कुठून आल्या, मनमाडसारख्या गावात कशा पोचतात आणि पोचल्यावर का साचतात, हे एकदा ओळीनं पाहावं असं मनात आलं.

सुरुवातीलाच एक गंमत सांगतो. या वयाचं वेगळेपण आपल्या सरकारला ठाऊक आहे. आठवीपर्यंत मराठीचं पुस्तक 'बालभारती', नववी-दहावीला 'कुमारभारती', अकरावी-बारावीला 'युवकभारती'. पाठ्यपुस्तक मंडळानं मुलाच्या वाढीचे तीन टप्पे नावातच पाडून दिले आहेत. पुस्तकाच्या दुकानात मात्र दोनच कप्पे: 'बालसाहित्य' आणि बाकी सगळं. बालसाहित्याच्या कप्प्यात ससे आणि राजपुत्र, आणि दुसऱ्या कप्प्यात थेट कर्ण. मधल्या चार-पाच वर्षांतला मुलगा किंवा मुलगी कुठल्या कप्प्यापाशी उभी राहणार?

१९६७ हे वर्ष या बाबतीत मजेशीर आहे. त्या वर्षी जानेवारीत बालभारतीची स्थापना झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' त्याच वर्षी आली. लेखक जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. आणि तिकडे अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी निघाली. पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली, छापून आली तेव्हा ती अठराची. आपल्या वयाच्या पोरांबद्दल शाळकरी पोरीनंच लिहिलेल्या या कादंबरीपासून तिकडे किशोरकथेचा स्वतंत्र प्रवाह धरला जातो. आपल्याकडे त्या वर्षी पाठ्यपुस्तकं आली, कायदा आला, एक महाकादंबरी आली. किशोरकथा तेवढी राहिली.

राहिली म्हणजे नव्हतीच असं नाही. मुलांसाठी मासिकं काढण्याची आपली परंपरा जुनी आहे. 'शालापत्रक' १८६१चं, वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' १९०६चा. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ची. ती मोठ्यांसाठी होती, पण तलवारी, कारस्थानं आणि भुयारं यांच्या ओढीनं दोन-तीन पिढ्यांतल्या पोरांनी ती फस्त केली. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आला आणि पाठोपाठ 'चिंगी'ही. चिंगीचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली लिहिली ती आमच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या तुरुंगात. पण किशोरवयाचा श्याम त्या पुस्तकात नाही, तो 'धडपडणारा श्याम'मध्ये आहे. शिक्षणासाठी घर सोडलेला, उपाशी राहणारा, मित्राच्या प्रेमानं व्याकूळ होणारा. आईच्या श्यामचं पारायण घरोघर झालं, धडपडणाऱ्या श्यामकडे कुणी फिरकलं नाही. आपल्याला मूल आईच्या कुशीत असेपर्यंतच आवडतं, हे त्यातून दिसतं.

मग भा. रा. भागवत आले. १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढणारे, ज्यूल व्हर्न मराठीत आणणारे भागवत. त्यांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकायला आलेला, सायकलवर सुसाट सुटणारा आणि विचारात पडला की जिभेनं 'ट्टॉक' वाजवणारा. वीस पुस्तकं. एवढी लांब आणि एवढी एकसंध किशोरमालिका मराठीत तोवर नव्हती आणि त्यानंतरही झालेली नाही. फास्टर फेणेचं सगळ्यात मोठं देणं कोणतं, असं विचाराल तर मी साहसाचं नाव घेणार नाही. त्यानं मराठी पोरांना 'पुढचं पुस्तक कधी?' हा प्रश्न विचारायला शिकवलं. वाचनाची सवय लागते ती चांगल्या पुस्तकानं नव्हे, पुढच्या पुस्तकानं. एक संपतं तोच दुसरं हाताशी हवं. भागवतांना ते कळलं होतं. त्यांनी एक पुस्तकवेडा पोरगाही उभा केला होता आणि त्याचं आडनाव ठेवलं होतं बुकलवार.

मी मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. फास्टर फेणे माझ्यापर्यंत क्रमानं आलाच नाही. सातवा आधी, मग दुसरा, मग कुणाच्या तरी मामाकडून चौदावा, शेवटची पानं गायब. शाळेत पुस्तकांचं कपाट होतं आणि त्याला कुलूपही होतं. शाळेचं नाव घेत नाही, कारण त्या काळी सगळ्याच कपाटांना कुलपं असत. आमचं खरं वाचनालय होतं स्टेशन. औरंगाबादकडे मीटरगेज होती तेव्हा मुंबईहून आलेल्या प्रवाशाला इथं उतरून गाडी बदलावी लागे. दौंडची लाइनही इथूनच फुटते. म्हणजे फलाटावर कायम वाट बघणारी माणसं. वाट बघणारा माणूस स्टॉलवरून पुस्तक घेतो, गाडी आली की बाकावर विसरून जातो. त्या विसरलेल्या पुस्तकांवर आमच्या चाळीतली पाच-सहा पोरं वाढली. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईक, नारायण धारप. घरात ही पुस्तकं गादीखाली असत. पण हिशेब मांडताना प्रामाणिक राहायला हवं: अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, नाईकांनीही तितक्याच. किशोरांना जे हवं असतं, म्हणजे वेग, भीती, रात्र आणि पुढचा भाग, ते भरपूर आणि सतत पुरवणारे मराठीतले लेखक हेच. समीक्षेनं त्यांना दारात उभं केलं नाही आणि बालसाहित्यानंही नाही. धारपांकडे लोकांचं लक्ष पुन्हा गेलं ते २०१८मध्ये 'तुंबाड' हा सिनेमा आल्यावर.

त्याच काळात एक पुरवठा मात्र नेमानं चालू होता. १९७१च्या बालदिनाला बालभारतीनं 'किशोर' मासिक काढलं. दर महिन्याला, स्वस्त, थेट शाळेत. नाव बरोबर वयाचं, आणि त्यातलं बरंचसं लेखनही. आज त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि ही मराठी मुलांसाठी झालेली मोठी सोय आहे. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक, 'वयम्' हेही त्याच वाटेवरचे. पण मासिकाची एक मर्यादा असते. तिथं कथा चार-पाच पानांत आटपते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाला पहिल्यांदा लांब पल्ल्याचं वाचायचं असतं, कुणाच्या तरी आयुष्यात महिनाभर मुक्काम ठोकायचा असतो. बंगालीत 'आनंदमेला'च्या पूजा अंकात मुलांसाठी अख्ख्या कादंबऱ्या येतात. सुनील गंगोपाध्यायांचा काकाबाबू तिथं वर्षानुवर्षं आला. पूजा आली की काकाबाबू येणार हे पोरांना माहीत. आमच्या दिवाळी अंकांची एवढी मिरवणूक निघते, पण मुलांची कादंबरी हे त्यांचं ठरलेलं पान कधी झालं नाही.

आता मराठीतल्या उत्तम किशोरपुस्तकांचा विषय काढला की दोन नावं हमखास येतात: प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा'. 'वनवास' १९९४चं, पाठोपाठ 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. 'शाळा' २००४ची. आणीबाणीच्या वर्षातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. दोन्ही मला फार प्रिय आहेत. पण ही पुस्तकं किशोरांबद्दल आहेत, किशोरांसाठी काढलेली नाहीत. मौज प्रकाशनानं ती मोठ्यांच्या यादीत छापली. मोठ्या माणसानं मागं वळून पाहिलेलं ते वय आहे, म्हणून त्यात एक हुरहूर भरून राहिली आहे. चौदा वर्षांच्या मुलाला हुरहूर नको असते, त्याचं ते वय अजून गेलेलं नसतं. भाचीनं 'शाळा' दोन दिवसांत संपवली आणि म्हणाली, "पुस्तक भारी आहे, पण शिरोडकरला काय वाटत होतं ते कुणी लिहिलंच नाही."

यावर मला उत्तर देता आलं नाही. मराठी किशोरकथेतल्या मुली शोधायला गेलं की आपण फार लवकर भाषांतरांपाशी येतो. शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'तल्या चार बहिणी अमेरिकेतल्या. आईच्या पिढीनं त्या वाचल्या, लेकीच्या पिढीला दिल्या. मूळ मराठीत चिंगीनंतर हाताशी लगेच येतं ते संगीता बर्व्यांचं 'पियूची वही', साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०२२. मध्ये ऐंशी-नव्वद वर्षं गेली. त्या काळात मुलींनी मुलग्यांचीच साहसं वाचली आणि निमूटपणे त्यांत स्वतःला बसवून घेतलं. मुलग्यांना मात्र मुलींची पुस्तकं वाचायला कुणी दिली नाहीत.

दुसरी एक जागा अशीच रिकामी आहे. बनेश पुण्याचा, लंपन बेळगावच्या बाजूचा, मुकुंद मध्यमवर्गीय घरातला. कांद्याच्या शेतात सुट्टी घालवणारा येवल्याचा मुलगा, वर्कशॉपात पुलाचे गर्डर जोडणाऱ्या कामगाराची मुलगी, गोदामात पोती वाहणाऱ्या हमालाचा पोरगा यांची किशोरकादंबरी कुठं आहे? त्यांचं किशोरवय मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. ते आत्मकथनांत आहे. आनंद यादवांच्या 'झोंबी'तला आंदू शाळेसाठी बापाशी झुंजतो, 'बलुतं' आणि 'उचल्या'मध्ये बालपणाची पानं जळती आहेत, आमच्या नाशिकच्या उत्तम कांबळ्यांच्या 'वाट तुडवताना'त तर पुस्तकं मिळवण्याचीच कहाणी आहे. मनमाडला १९३८च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली होती. त्या कामगारांच्या नातवंडांनी आपलं वय ओळखलं ते आत्मकथनांत, किशोरकथेत नाही. म्हणून या गावात पंधराव्या वर्षी 'बलुतं' वाचलेला पोरगा भेटतो. त्यानं वाचायला हरकत काहीच नाही, पण त्याला त्याच्या वयाची हलकीफुलकी, सायकल पळवणारी, चोर पकडणारी गोष्टही मिळायला हवी होती. साहस हे फक्त सदाशिव पेठेच्या वाट्याला का? पुस्तकांनी सोडलेली ही जागा पुढं सिनेमानं भरली. 'फँड्री'तला जब्या किंवा 'किल्ला'तला चिन्मय छापील पानावर आधी यायला हवे होते.

भाषांतरांबद्दल वाईट बोलण्याचं कारण नाही. उलट त्यांच्या जिवावर किशोरवाचनाचा गाडा चालला आहे. राम पटवर्धनांनी केलेलं 'पाडस' हे मी आजही कुठल्याही चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा देईन. ज्योडी आणि त्याचं हरीण यांची गोष्ट इतक्या खडीसाखरेसारख्या मराठीत उतरली आहे की फ्लोरिडाचं रान सह्याद्रीत असल्यासारखं वाटतं. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैनांनी बारा पुस्तकांतून आणला. 'हॅरी पॉटर'चे सातही भाग मंजुल प्रकाशनानं मराठीत काढले. पहिल्याचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस', आणि परीस हा शब्द मूळ इंग्रजी नावापेक्षा सरस आहे, हे माझं ठाम मत. चेतना सरदेशमुख-गोसावींची 'तोत्तोचान' घरोघर आहे. पण भाषांतरित मुलाची शाळा, त्याचं जेवण, त्याची भीती दुसऱ्या गावची असते. कधीतरी मुलाला वाटतं की आपल्या नळाला पाणी न येण्याचीही गोष्ट होऊ शकते का.

गेल्या काही वर्षांत थोडी हालचाल दिसते. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०पासून दिला जातो. तो नऊ ते सोळा या वयासाठीच्या लेखनाला असतो, म्हणजे अर्धा किशोरांचाच. मराठीतली त्याची अलीकडची यादी पाहिली तर कादंबऱ्यांचं प्रमाण नजरेत भरतं: सलीम सरदार मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध', नाशिकच्या संजय वाघांचं 'जोकर बनला किंगमेकर', 'पियूची वही', भारत सासण्यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. आणखी एक योगायोग. २०२१च्या डिसेंबरात नाशिकला ९४वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष जयंत नारळीकर, ज्यांच्या 'यक्षांची देणगी'नं १९७९पासून कितीतरी पोरांना विज्ञानकथेची चटक लावली. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. पुढच्याच, उदगीरच्या संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे. मुलांनी ज्यांना वाचलं असे दोन अध्यक्ष लागोपाठ. त्यांच्या निवडीच्या वेळी मुलांसाठीच्या लेखनाचा उल्लेख किती झाला, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

आता हिशेब. मूल रोज वीस पानं वाचतं असं धरू. महिन्याला सहाशे पानं, म्हणजे दोनशे पानांची तीन पुस्तकं, वर्षाला छत्तीस. बारा ते सतरा ही पाच-सहा वर्षं, त्यांतलं दहावीचं आणि बारावीचं वर्ष वजा करा. आपल्या घरांत ती वर्षं वजाच असतात. उरली चार. छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस. एका किशोराच्या अख्ख्या किशोरवयाच्या वाट्याला दीडशेच्या आत पुस्तकं येतात. मी कागद घेऊन मराठीतली नावं लिहायला बसलो. फास्टर फेणे वीस, फेलूदा बारा, पॉटर सात, लंपन चार, ही त्रेचाळीस झाली. मग 'गोट्या', 'चिंगी', 'बोक्या सातबंडे', नारळीकर, 'पाडस', 'चौघीजणी', 'शाळा', अलीकडची बक्षीसपात्र. मुलाच्या हातात बेधडक द्यावीत अशी साठ-सत्तर झाली आणि मला दम लागला. दुसऱ्या कुणाला शंभर आठवतील. तरी दीडशे होत नाहीत, आणि ही सव्वाशे वर्षांची जमा आहे.

मग थप्पी का वाढते? पुस्तकं कमी आणि थप्पी उंच, हे कोडं मनमाडकराला पडू नये. पाणी कमी असतं तिथंच पिंपं जास्त असतात. रोज चोवीस तास नळ चालणाऱ्या गावात कुणी पंधरा पिंपं ठेवत नाही. इथं पुस्तकांचं प्रदर्शन वर्षातून एखाद्या वेळी मंगल कार्यालयात लागतं, दिवाळी अंक वर्षातून एकदा येतात, नाशिकच्या दुकानात जायचं तर सत्तरेक किलोमीटर. म्हणून प्रदर्शनाला गेलं की एकदम आठ पुस्तकं घेतली जातात. पुन्हा कधी मिळतील कुणास ठाऊक. त्यातही पैसे मोठ्यांच्या खिशातले, त्यामुळे पुस्तक 'उपयोगाचं' हवं. प्रकाशकाला हे नेमकं माहीत असतं. तो चरित्र काढतो, सामान्यज्ञान काढतो, कारण ते बाप विकत घेतो. कादंबरी मुलगी वाचणार असते आणि मुलीकडे पाकीट नसतं.

याला उतारा म्हणजे वाचनालय. राज्यात शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवलेली. आमच्या जिल्ह्यात तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०पासून आहे. पण पुस्तकखरेदी होते ती अनुदानाच्या तालावर, मार्चअखेर, सवलत जास्त मिळेल त्या यादीतून. मालिकेतला तिसरा भाग येतो, पहिला येत नाही. आणि बालविभागाच्या खुर्च्या सहा वर्षांच्या मुलांच्या उंचीच्या असतात. चौदा वर्षांचा उंच मुलगा तिथं गुडघे पोटाशी घेऊन बसतो, पुढच्या वेळी येत नाही.

चांगले प्रयत्नही याच टापूत झाले आहेत, ते सांगायला हवेत. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'नं पुस्तकांच्या पेट्या माणसांच्या घरांपर्यंत नेल्या, अगदी परदेशातल्या मराठी घरांपर्यंत. १५ ऑक्टोबर २०१८ला, वाचन प्रेरणा दिनी, मनमाडहून सुटणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये फिरतं वाचनालय सुरू झालं, डेक्कन क्वीनमध्येही. पासवाल्यांना जागेवर पुस्तक. कल्पना झकास, पण पासवाला म्हणजे नोकरदार. ओझरजवळ महामार्गावर आजीचं पुस्तकांचं हॉटेल आहे, मिसळीची वाट बघताना पुस्तक हाती येतं. आणि मालेगाव. इथून चाळीस किलोमीटरवर, २०२१च्या डिसेंबरात राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला, विक्री कोटीवर गेली. यंत्रमागांच्या गावात, मजुरांच्या पोरांनी, रांगा लावून. "छोट्या गावात पुस्तकं खपत नाहीत" हे वाक्य मी त्यानंतर कुणाकडून ऐकून घेत नाही. पुस्तकं गावात आली की खपतात.

राहता राहिली भाचीची थप्पी. आमच्या गावात अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत. तिथला नियम साधा: जी थप्पी आधी लागली ती आधी उठवायची, नाहीतर धान्याला कीड लागते. पुस्तकांनाही लोक तोच नियम लावतात. आधी घेतलेलं आधी संपव, अर्धं सोडू नको, नवीन आणू नको. मला तो नियम इथं सपशेल चुकीचा वाटतो. धान्य जुनं होतं, पुस्तक होत नाही. जुना होतो तो वाचणारा. 'मृत्युंजय' पंचविसाव्या वर्षीही तितकीच लागेल, चाळिसाव्या वर्षी जास्त. कलामांचं 'अग्निपंख' कुठं पळून जात नाही. पण फास्टर फेणे सतराव्या वर्षी पहिल्यांदा वाचला तर तो लागत नाही. मी प्रयोग करून पाहिला आहे, सुटलेले भाग कॉलेजात मिळवून वाचले. सायकल तीच होती, मला वेग जाणवला नाही.

म्हणून आम्ही दोघांनी थप्पी नव्यानं लावली. कधी आलं ते पाहायचं नाही, कधी निघून जाईल ते पाहायचं. जे याच दोन वर्षांत वाचायचं ते वर. 'मृत्युंजय' आणि 'छावा' सगळ्यात खाली, त्यांच्या जाडीमुळे पायाही पक्का झाला. 'अग्निपंख'ची एक प्रत शेजारच्या मुलाला. सामान्यज्ञान वडिलांच्या टेबलावर, सवय त्यांनाही असलेली बरी. इंग्रजीतली दोन तिला पन्नास पानांनंतर कंटाळवाणी वाटली, ती परत पुण्याला. पुस्तक अर्धं सोडायला परवानगी लागते हे तिला माहीतच नव्हतं, कारण घरात पान टाकायची पद्धत नाही. ताटातलं आणि पुस्तकातलं.

वर आठ झाली. त्यांतली दोन मी माझ्या माळ्यावरून आणून घातली. फास्टर फेणेचा सातवा आणि तो शेवटची पानं नसलेला चौदावा. तिनं चौदावा आधी उचलला. पानं नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "मग शेवट मी करते."

तुमच्या माळ्यावरही असा एखादा संच असेल. मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, पुस्तकं खोक्यात राहिली. आठवण म्हणून जपायचा एखादा भाग काढून घ्या. बाकीचे जवळच्या शाळेत किंवा वाचनालयात देऊन या, शक्यतो सगळे भाग एकत्र, आणि परीक्षा संपायच्या आत. मे महिन्याची सुट्टी लागली की मग मुलांना वेळच वेळ असतो.